सरकारी कार्यालयात दहशतवादी धमकी आल्यास पोलिसांना कसे कळवावे : नागपुरातील नव्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नागपूर ही राज्याची उपराजधानी असल्यामुळे सिव्हिल लाईन्स आणि आसपासच्या परिसरात विधानभवन, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जिल्हाधिकारी कार्यालय, विभागीय आयुक्तालय, रिझर्व्ह बँक आणि केंद्र व राज्य सरकारची असंख्य कार्यालये दाटीने उभी आहेत. या कार्यालयांत लिपिक, अव्वल कारकून किंवा नायब तहसीलदार म्हणून नव्याने रुजू झालेल्यांना आवक-जावक कशी ठेवायची, टिपणी कशी लिहायची, नस्ती कोणाकडे सादर करायची, हे सुरुवातीच्या दिवसांत शिकवले जाते. मात्र दूरध्वनीवर कोणी बॉम्बची धमकी दिली, कार्यालयाच्या ई-मेलवर घातपाताचा इशारा आला किंवा टपालातून निनावी पत्र निघाले, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आणि त्यानंतरच्या कागदोपत्री कामासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. धमकी खरी आहे की खोटी, हे ठरवणे पोलिसांचे काम आहे. ती जशी आली तशी, त्यात काही न घालता आणि त्यातून काही न गाळता, वेळ न दवडता पोलिसांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे. सरकारी कार्यालयांत माहिती दडपण्याच्या हेतूने उशीर क्वचितच होतो. उशीर होतो तो ‘आधी साहेबांच्या कानावर घालू’ या सवयीमुळे. साहेब बैठकीत असतात, बैठक मुंबईशी दूरदृश्य प्रणालीवर चाललेली असते आणि पत्र तासभर टेबलावर पडून राहते.

कायद्याला हा उशीर मान्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) या कायद्याच्या कलम ३३ नुसार ठरावीक गंभीर गुन्हे घडल्याची किंवा ते करण्याचा कोणाचा इरादा असल्याची माहिती ज्याला असेल, त्या प्रत्येक व्यक्तीने ती तत्काळ जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मधील दहशतवादी कृत्य या यादीत आहे. हे कर्तव्य ‘व्यक्ती’वर आहे, ‘कार्यालयप्रमुखा’वर नाही. त्यामुळे पोलिसांना फोन करण्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. वरिष्ठांना कळवणे आवश्यकच आहे, पण ते सोबतीने व्हावे. त्यांच्या होकारासाठी फोन अडवून ठेवू नये.

पहिली पायरी : धमकी आली त्या क्षणी

दूरध्वनीवर धमकी आली तर फोन स्वतःहून ठेवू नये. समोरच्याला शक्य तितके बोलते ठेवावे. बॉम्ब कुठे आहे, कधी फुटणार आहे, तो कसा दिसतो, हे कोणी व का केले, असे प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तर मिळाले नाही तरी मागचे आवाज, बोलीचा ढंग, हिंदी-मराठीची सरमिसळ, रागाचा किंवा वाचून दाखवल्याचा सूर, या सगळ्याचा तपासाला उपयोग होतो. हे सर्व त्याच वेळी हाताशी असेल त्या कागदावर, बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहावे. शिव्या असतील तर शिव्याही लिहाव्यात. सभ्य भाषेत केलेला सारांश तपासाच्या कामी येत नाही. फोन सुरू असतानाच शेजारच्या सहकाऱ्याला खुणेने किंवा चिठ्ठीने कळवावे, म्हणजे तो दुसऱ्या फोनवरून पोलिसांशी बोलू शकेल.

या नोंदीचे मोल नागपुरातल्याच एका प्रकरणात दिसले आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका केंद्रीय मंत्र्यांच्या शहरातील जनसंपर्क कार्यालयात लागोपाठ धमकीचे फोन आले. ते उचलणारे कार्यालयातील सामान्य कर्मचारी होते. त्यांनी लगेच पोलिसांना कळवले आणि फोन बेळगावच्या हिंडलगा कारागृहातून आल्याचे तपासात पुढे आले. नागपुरात वाजलेल्या फोनचे मूळ दुसऱ्या राज्यातील तुरुंगात असू शकते, हे फोन उचलणाऱ्या माणसाला कळण्याचा काही मार्ग नसतो. म्हणूनच अंदाज बांधण्यापेक्षा वेळ, क्रमांक आणि शब्द टिपणे महत्त्वाचे ठरते.

टपालातून पत्र आले तर नव्या कर्मचाऱ्याचा हात सवयीने आवक शिक्क्याकडे जातो. तो तिथेच थांबवावा. धमकीच्या मूळ पत्रावर शिक्का, आवक क्रमांक, शेरा, सही, टाचणी, स्टेपल काहीही नको, कारण त्यावरील बोटांचे ठसे आणि लिखाणाच्या खुणा हाच पुरावा असतो. पत्र उघडून ठेवलेले असेल तर तसेच कोरड्या, स्वच्छ कागदी पाकिटात सरकवावे. त्याचे मूळ पाकीट टाकून देऊ नये, कारण टपाल कार्यालयाचा शिक्का व तारीख त्यावरच असते. मोबाइलने छायाचित्र काढून त्याची छापील प्रत काढावी आणि आवक नोंद त्या प्रतीवर करावी. मूळ पत्राला किती जणांचा हात लागला त्यांची नावे लिहून ठेवावीत. पोलीस हा प्रश्न हमखास विचारतात.

ई-मेलच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे तो घाईघाईने पाचपन्नास जणांना पुढे पाठवणे. पुढे पाठवलेल्या ई-मेलमध्ये मूळ प्रवासाची तांत्रिक नोंद, म्हणजे संपूर्ण हेडर, राहत नाही. आणि प्रेषकापर्यंत पोहोचण्याचा माग त्या हेडरमध्येच असतो. मूळ संदेश खात्यातच राहू द्यावा, तो खोडू नये, संपूर्ण हेडरसह त्याची फाइल जतन करावी आणि पोलिसांनी सांगितलेल्या पत्त्यावर ती जोडपत्र म्हणून पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅप किंवा अन्य माध्यमावरचा संदेश असेल तर स्क्रीनशॉट काढावाच, पण मूळ संदेश असलेला मोबाइल संच तसाच ठेवावा; आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर ही बाब पोलिसांना पहिल्याच फोनवर सांगावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात मांडताना विहित प्रमाणपत्र लागते. त्यामुळे ही फाइल कोणी, कोणत्या संगणकावरून, किती वाजता जतन केली, हे त्याच दिवशी लिहून ठेवलेले बरे.

कार्यालयाचे खातेच कोणी ताब्यात घेऊन त्यातून धमकी पाठवली असेल, तर ती सायबर घटनाही ठरते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे सरकारी संस्थांनाही लागू आहे. हे पोलिसांना दिलेल्या माहितीव्यतिरिक्त करायचे काम आहे. त्याने पोलीस तक्रारीची जागा भरून निघत नाही.

बेवारस वस्तू दिसली तर सूचना थोडक्यात सांगता येतात. तिला हात लावू नये, हलवू नये, उघडू नये, तिच्यावर पाणी टाकू नये, तिच्याजवळ उभे राहून मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये. लोकांना दूर करावे आणि दूर जाऊनच फोन करावा. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत ठेवलेल्या बेवारस बॅगेतील स्फोटाने १७ जणांचा बळी घेतला, हे विसरता कामा नये.

दुसरी पायरी : पहिला फोन

पहिला फोन ११२ या क्रमांकावर करावा. महाराष्ट्रात या प्रणालीचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात आहे. त्यामुळे फोन उचलणारी व्यक्ती नागपूरकर असेलच असे नाही. ‘झिरो माइलजवळ’ किंवा ‘जुन्या सचिवालयामागे’ एवढ्याने तिला ठिकाण कळणार नाही. शहराचे नाव, कार्यालयाचे पूर्ण नाव, इमारत, मजला, खोली आणि प्रवेशद्वार या क्रमाने सांगावे. सिव्हिल लाईन्समध्ये प्रशासकीय इमारत क्रमांक १ वेगळी आणि क्रमांक २ वेगळी आहे. नुसते ‘प्रशासकीय इमारत’ म्हटल्याने पथक चुकीच्या आवारात शिरू शकते. त्यानंतर धमकीचे स्वरूप, ती आल्याची वेळ, दिलेली मुदत, इमारतीत अंदाजे किती लोक आहेत आणि आपले नाव व परत फोन करण्याचा क्रमांक सांगावा. बोलणे संपले असे आपणच ठरवून फोन ठेवू नये.

दुसरा फोन आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याला किंवा शहर नियंत्रण कक्षाला करावा. हद्द कोणती, हे धमकी येण्याआधीच माहीत असावे. नागपूर शहर पोलीस आयुक्तालय आणि नागपूर ग्रामीण पोलीस अधीक्षक या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक येथील कार्यालये ग्रामीणकडे येतात; कामठी शहर मात्र आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. रेल्वे स्थानकाच्या आवारात लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल हे दोन्ही असतात, आणि रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. विमानतळावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो, तर स्थानिक पोलीस ठाणे सोनेगावचे आहे. तिथे आलेल्या धमकीचे मूल्यमापन करण्यासाठी स्वतंत्र समिती असते आणि ती धमकी ‘विशिष्ट’ की ‘अविशिष्ट’ हे ठरवते. हद्दीबद्दल शंका असेल तरी थांबू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. त्यालाच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणे म्हणतात.

यानंतरच कार्यालयप्रमुख, इमारतीचा सुरक्षा अधिकारी आणि गरजेप्रमाणे अग्निशमन दल (१०१) व रुग्णवाहिका (१०८) यांना कळवावे. इमारत रिकामी करायची की नाही, हा निर्णय कार्यालयप्रमुखाने पोलिसांशी बोलून घ्यावा. मात्र संशयास्पद वस्तू समोर दिसत असेल तर त्या भागातील माणसे हलवण्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहू नये.

तिसरी पायरी : पोलीस येईपर्यंत आणि आल्यावर

एक माणूस मुख्य प्रवेशद्वारावर उभा करावा. बॉम्बशोधक व नाशक पथक, ज्याला पोलीस ‘बीडीडीएस’ म्हणतात, ते श्वानासह येते. त्यांना जिना कुठे, वीज कुठून बंद होते, कोणत्या खोल्यांना कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे सांगणारा माणूस लागतो. आपल्या टेबलाखाली, कपाटावर आणि जिन्याखाली नेहमी कोणत्या वस्तू असतात, हे तिथे रोज बसणाऱ्यालाच ठाऊक असते. पथकाने विचारल्यास अनोळखी वस्तू दाखवणे हे आपले काम; ती तपासणे त्यांचे. दाखवतानाही लांबूनच दाखवावी.

सीसीटीव्हीचे चित्रण जुन्यावर नवे चढत जाते. म्हणून त्याच दिवशी संबंधित कालावधीचे चित्रण वेगळे जतन करण्यास सांगावे. आठवड्यानंतर मागितलेले चित्रण अनेकदा मिळत नाही. यंत्राचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा पुढे-मागे असेल तर तो फरकही लिहावा.

या टप्प्यावर एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ‘मी आयबीतून बोलतो, तुमच्या इमारतीचा नकाशा पाठवा’ किंवा ‘एटीएसचा अधिकारी आहे, कोणते गेट बंद केले ते सांगा’ असे फोन आले, तर उत्तर देण्याआधी बोलणाऱ्याचे नाव, पद व शाखा विचारावी आणि शहर पोलीस नियंत्रण कक्षामार्फत खातरजमा करावी. प्रत्यक्ष आलेल्या गणवेशधारी व्यक्तीचेही ओळखपत्र विचारायला संकोच करू नये. १ जून २००६ रोजी महालातील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर हल्ला करायला आलेले दहशतवादी लाल दिव्याच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर गाडीतून, पोलिसांच्या गणवेशात आले होते. पोलिसांना संशय आला, त्यांनी गाडी अडवली आणि चकमकीत तिघेही मारले गेले. त्या गणवेशावर आणि दिव्यावर विसंबले असते तर काय झाले असते, याचा विचार खऱ्या पोलिसांना अवघड वाटत नाही. म्हणून ओळखपत्र विचारल्याबद्दल ते सहसा रागावत नाहीत.

चौथी पायरी : लेखी माहिती

तोंडी माहितीने यंत्रणा हलते, लेखी माहितीने तपास उभा राहतो. संबंधित पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे त्याच दिवशी पत्र द्यावे. नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, पण ती देणाऱ्याने ३ दिवसांच्या आत सही करावी लागते. सरकारी पत्रांची ठरलेली भाषा इथे अडचणीची ठरते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की कार्यालयास धमकीवजा संदेश प्राप्त झाला असून आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यात पोलिसांच्या उपयोगाचे काहीच नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आज दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी कक्ष क्रमांक ४ मधील दूरध्वनीवर अनोळखी पुरुषाचा फोन आला. फोन मी स्वतः घेतला. त्याचे शब्द पुढीलप्रमाणे होते.’ आणि त्यानंतर ते शब्द अवतरणचिन्हांत. जे स्वतः ऐकले किंवा पाहिले ते वेगळे लिहावे. जे दुसऱ्याने सांगितले ते त्याच्या नावासह वेगळे लिहावे. ‘मला वाटते’ या सदरातील तर्क लिहायचेच असतील तर ते शेवटी, तर्क म्हणूनच लिहावेत. एखाद्या समाजाबद्दल, आडनावाबद्दल किंवा वस्तीबद्दलचा संशय पुराव्याशिवाय पत्रात येता कामा नये. असे एक वाक्य तपासाला चुकीच्या वाटेला लावते आणि निरपराध माणसाचे आयुष्य नासवू शकते.

ठाण्यातून निघताना दैनंदिनीतील नोंदीचा क्रमांक व वेळ विचारून घ्यावी. गुन्हा नोंदला गेला असेल तर प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत विनामूल्य मिळण्याचा माहिती देणाऱ्याला हक्क आहे. फिर्यादी म्हणून सही कोण करणार, हे कार्यालयप्रमुखाने ठरवून द्यावे. मात्र फोन ज्याने घेतला त्याचा जबाब त्याचाच असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. पत्राची प्रत आयुक्तालयाच्या विशेष शाखेला, ग्रामीण भागात जिल्हा विशेष शाखेला, आणि आपल्या विभागप्रमुखांना पाठवावी. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहून ते दुहेरी करावे, म्हणजे आवक कक्षात उघडले जाणार नाही.

पत्र, छायाचित्र किंवा ई-मेल कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये आणि पत्रकारांना दाखवू नये. धमकी देणाऱ्याला प्रसिद्धी हवी असते आणि तपास कुठपर्यंत आला हेही त्याला जाणून घ्यायचे असते. कोणी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली कागद मागितले तर कलम ८(१)(छ) व (ज) यांचा विचार करून, पोलिसांचे मत घेऊन जन माहिती अधिकाऱ्याने निर्णय द्यावा. लिपिकाने परस्पर प्रत देऊ नये.

तुमची माहिती पुढे कुठे जाते

नव्या कर्मचाऱ्याला वाटते की पत्र दिले आणि काम संपले. वस्तुतः तिथून ते पुढे सरकू लागते. पोलीस ठाणे वरिष्ठांना व विशेष शाखेला कळवते. स्वरूप गंभीर असेल तर राज्य गुप्तवार्ता विभाग आणि २००४ मध्ये स्थापन झालेले राज्याचे दहशतवादविरोधी पथक यांच्याकडे माहिती जाते. राष्ट्रीय तपास संस्था अधिनियम, २००८ च्या अनुसूचीतील गुन्हा नोंदला गेला तर त्या अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे ठाणे अंमलदाराचा अहवाल राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो आणि तपास राष्ट्रीय संस्थेने घ्यावा का, हे केंद्राने १५ दिवसांत ठरवायचे असते.

उलट दिशेचा प्रवाहही आहे. केंद्रीय गुप्तचर विभागाच्या अखत्यारीतील बहुसंस्था केंद्रात, म्हणजे ‘मॅक’मध्ये, निरनिराळ्या संस्थांकडील इशारे एकत्र येतात आणि राज्यांतील उपकेंद्रांमार्फत पोलिसांना दिले जातात. हे केंद्र २००१ च्या अखेरीस सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते बळकट करण्यात आले. त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्तेच्या हाताळणीतील गोंधळावर बोट ठेवले होते. इशारे आले होते, पण ते योग्य हातात, योग्य अर्थाने पोहोचले नाहीत. जिल्हास्तरावरील लिपिकाला याचा अर्थ इतकाच घ्यायचा आहे की पोलिसांकडून आलेले सतर्कतेचे ‘गोपनीय’ पत्र नस्तीला लावून मोकळे होऊ नये. त्यात सांगितलेली कृती कोणी, कधी केली, हे उलट टपाली कळवावे.

नागपूरला लागू असलेली एक विशेष बाब

पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचेही आहे, जिल्ह्यात स्फोटकांचे कारखाने आणि खाणी आहेत. या क्षेत्राशी संबंधित कार्यालयांत काम करणाऱ्यांसाठी धमकी नेहमी शब्दांतून येत नाही. साठा नोंदवहीतील तूट, न जुळणारे डिटोनेटरचे क्रमांक, कुलपाशी झालेली छेडछाड हीदेखील पोलिसांना तत्काळ कळवण्याची माहिती आहे, आणि परवाना देणाऱ्या प्राधिकरणालाही ती त्याच वेळी द्यावी लागते. ‘मोजणीत चूक असेल, महिनाअखेरीस ताळा लावू’ ही सवय इतर कोणत्याही भांडारात चालून जाईल, स्फोटकांच्या भांडारात नाही. पुन्हा मोजणी करावी, पण ती पोलिसांना कळवल्यानंतर.

धमकी खोटी निघाली तर

बहुतेक धमक्या खोट्या निघतात, आणि त्यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कर्मचारी कंटाळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर विमाने आणि रेल्वेंबाबत खोट्या धमक्यांची लाट आली, तेव्हा त्यांतील काही ई-मेलचा माग नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातील एका व्यक्तीपर्यंत लावला. प्रत्येक कार्यालयाने आपला ई-मेल खोटा समजून खोडून टाकला असता तर असा माग लागणे अवघड झाले असते. नाव लपवून धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) खाली स्वतंत्र शिक्षेचा गुन्हा आहे. तेव्हा धमकी पोकळ असली तरी तक्रार पोकळ ठरत नाही. सद्भावनेने कळवलेली माहिती चुकीची निघाली म्हणून कर्मचाऱ्याला दोष देणे योग्य नाही. कार्यालयप्रमुखांनी हे आपल्या माणसांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले पाहिजे. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्यासाठी न्याय संहितेचेच कलम २१७ आहे.

रुजू झाल्याच्या आठवड्यातच करून ठेवण्याची कामे

आपल्या टेबलावरील दूरध्वनीशेजारी एक कागद लावावा. त्यावर कार्यालयाचा पूर्ण पत्ता, ११२, हद्दीतील पोलीस ठाण्याचा व नियंत्रण कक्षाचा क्रमांक, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १०७७, इमारतीच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा क्रमांक आणि फोनवर विचारायचे प्रश्न लिहावेत. धमकीची नोंद करण्यासाठी एक कोरा नमुना खणात ठेवावा. ई-मेलचे संपूर्ण हेडर कसे जतन करायचे, हे संगणक कक्षाकडून एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. डिसेंबरमधील हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाईन्समधील बंदोबस्त, वाहतुकीचे मार्ग आणि प्रवेशद्वारे बदलतात. म्हणून नोव्हेंबर संपण्यापूर्वी या कागदावरील प्रत्येक क्रमांकावर फोन लावून तो चालू आहे ना याची खात्री करावी, आणि बदली झाली तर हा कागद व नमुना पदभाराच्या यादीत लिहून, पुढे येणाऱ्या सहकाऱ्याची सही घेऊन सोपवावा.